सतरंजीवरचे लॅपटॉप

शहारेबाईंचा चेहरा पाहण्याआधी मी त्यांची पाठ पाहिली.

साल नव्याण्णव असेल. सडक अर्जुनीच्या एका संस्थेत तलावांची मोजणी करायला म्हणून मी रुजू व्हायला गेलो होतो. गावोगावचे जुने तलाव दुरुस्त करायचे, त्यांत मासळीचं बी सोडायचं आणि पुढे ते गावकऱ्यांनीच सांभाळावेत म्हणून त्यांच्या मागे लागायचं, असं त्या संस्थेचं काम. ऑफिसात शिरलो तर समोर खुर्च्यांची रांग, काही नव्या, काही डागडुजी केलेल्या, आणि भिंतीकडे तोंड करून एक बाई उभ्या. शिपाई भैयालाल एका खुर्चीवर हात ठेवून विचारत होता, "हे कोनाची?"

"कटरेसाहेबाची," बाईंनी भिंतीला सांगितलं.

"अन् हे?"

"दारात कोनी तरी नवीन आला ना आत्ता? त्याची."

माझ्या वाट्याची ती खुर्ची मी टेकताक्षणी कण्हली. नवखा होतो, तरी धीर करून विचारलं की ही बदलून मिळेल का. बाई वळल्या. ठेंगणी मूर्ती, जाड काचांचा चष्मा, निळ्या काठाची सुती साडी, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून हलायचं नाव न घेणारी नजर. म्हणाल्या, "भाऊ, पाठ करून नाव घेतलं. आता ते माझ्याबी हातात नाही." ती खुर्ची मी पुढे दहाएक वर्षं वापरली. शेवटी शेवटी तिचा आवाज आला नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

सुलोचना शहारे आमच्या कार्यालयप्रमुख. अध्यक्ष बिसेन सर, इंजिनिअर कटरे, आम्ही सगळे आपापल्या परीनं शहाणे. पण ऑफिस चालायचं ते बाईंच्या हिशेबानं. वाटायची वस्तू कुठलीही असो, दिवाळीची मिठाई असो की छत्र्या, ती रांगेत मांडली जायची आणि कुणी तरी पाठमोरं उभं राहायचं. बाई स्वतः बहुतेक वेळा पाठमोऱ्याच असायच्या. त्यामुळे आमच्याकडे कुरकुर भरपूर होती, पण भांडण नव्हतं. कुरकुरीवर बाईंचा आक्षेप नसे. "कुरकुर करा," म्हणायच्या, "त्याले काही लागत नाही."

खरेदी हा बाईंचा खरा प्रांत. बादली घ्यायची तर ती दुकानात काठोकाठ भरून, उचलून, बाजारात फिरवून आणायच्या. ताडपत्री घेतली तेव्हा दुकानदाराला ती अंगणात पसरायला लावून वर घागरी ओतल्या होत्या. गावांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी सायकली घेतल्या तेव्हा प्रत्येक सायकलीच्या मागे तांदळाचं पोतं बांधून हायवेपर्यंत चालवून पाहायला लावली, आणि चालवणारा दुकानाचा मालक. बाई लांबून येताना दिसल्या की सडक अर्जुनीचे दुकानदार खुर्ची पुसून ठेवायचे आणि दुपारच्या झोपेवर पाणी सोडायचे. कुणी चकचकीत नमुना पुढे केला की बाईंचं एकच वाक्य ठरलेलं: "दाखवायचा नोको, द्यायचा दाखव."

आमच्याकडे पहिला संगणक आला तो माझ्यासमोर. कटरेसाहेबांनी त्याच्यासाठी खोली रंगवून घेतली, पडदे लावले, चपला बाहेर काढायचा नियम केला. चार दिवस आम्ही सगळे मोज्यांनी वावरत होतो. पाचव्या दिवशी बाई चपला घालून आत गेल्या, पडदा सारला आणि भैयालालला हाक मारली. "बस इथं. आपलं नाव काढ त्याच्यात." भैयालाल एकेक अक्षर शोधून दाबत गेला. नाव उमटलं तसा तो हसला, आणि मग त्याला उठवणं जड गेलं. बाई कटरेंना म्हणाल्या, "साहेब, हे देवघर नाही. ज्याले काम आहे तो बसन." बाईंना मशीनचं कौतुक फारसं नव्हतंच. ते कुणाच्या हातात आहे, एवढंच त्या पाहायच्या.

हा स्वभाव ऐन कसोटीला लागला तो दोन हजार नऊच्या सुमाराला.

आमच्या कामाचा कणा म्हणजे त्या गावांतल्या कार्यकर्त्या. दहावी, फार तर बारावी शिकलेल्या बाया. कुणी धानाच्या बांध्या कसणाऱ्या घरातली, कुणी मजुरी करणाऱ्या. त्या तलावावर जायच्या, पाणी मोजायच्या, बैठका घ्यायच्या आणि सगळं हातानं लिहून आणायच्या. त्यांतलीच एक सुशीला मडावी, दरेकस्याकडची. महिन्याच्या बैठकीला ती जंगलातून चालत स्टेशनवर यायची, तिथून रेल्वेनं गोंदिया, तिथून एसटीनं सडक अर्जुनी, आणि एवढं करून वेळेआधी हजर. बोलायची थोडं. घरी गोंडी बोलायची, आमच्यासमोर मराठी, आणि बिसेन सरांसमोर फक्त मान हलवायची.

त्या वर्षी पैसा देणाऱ्या मोठ्या संस्थेनं कळवलं की यापुढे गावांची माहिती दर महिन्याला संगणकावर भरूनच हवी, आणि त्यासाठी लॅपटॉप घ्यायला रक्कमही मंजूर केली. आमच्या कार्यकारिणीनं सोपा हिशेब मांडला. ऑफिसात चार-पाच भारी लॅपटॉप घ्यायचे, गोंदियातून ऑपरेटर आणायचे, त्यांचा पगार काढायला कार्यकर्त्या निम्म्या करायच्या. उरलेल्या बायांनी माहिती आणून ऑपरेटरला द्यायची आणि घरी जायचं.

बैठकीत बाई चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "तेवढ्याच पैशात साधे घेतले तं पंचवीस येतात. एकेकीले एकेक. अन् ऑफिसातल्यायलेबी साधेच."

बिसेन सर निवृत्त मुख्याध्यापक, भला माणूस, पण सावध. "बाई, त्यांच्या घरात लाइट नाही राहत. मोडून ठेवतील."

"सायकली देल्या तवाबी तुम्ही हेच म्हनलं होतं, सर."

"सायकल वेगळी."

"तलावात उतरून पानी कोन मोजते? सुशीला मोजते. मंग ते लिहाले दुसरा मानूस काऊन आनायचा? उद्या म्हनान, मोजालेबी दुसराच पाहिजे." बाईंचा आवाज चढला नाही. "निम्म्या बाया घरी बसवायच्या आहेत तं तसं सांगा. लॅपटॉपच्या आड कायले सांगता?"

शेवटी बिसेन सरांनी निवाडा दिला. घ्या पंचवीस. पण दिवाळीच्या बैठकीपर्यंत या बायांनी आपापल्या गावांचे अहवाल स्वतः करून दाखवले पाहिजेत. नाहीतर सगळे लॅपटॉप ऑफिसात जमा होतील, ऑपरेटर येतील आणि निम्म्या कार्यकर्त्यांना निरोप. बाई म्हणाल्या, "चालते." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्या बायांना संगणक शिकवायची जबाबदारी बाईंनी परस्पर माझ्या नावावर टाकली होती.

गोंदियाच्या दुकानात बाईंनी मला नेलं आणि सुशीलालाही नेलं. मी विचारलं, हिला कशाला. "चप्पल घ्याले जाताना पाय घरी ठेवून जाता काय?" एवढंच उत्तर.

दुकानदार मोठा गोड बोलणारा. काचेच्या कपाटातला चकचकीत लॅपटॉप काढून त्यानं पुढे ठेवला. "बाईजी, कंपनी का टॉप मॉडल है."

"भैया, जो दिखाने का है वो नहीं. जो देने का है वो दिखाओ."

गोदामातून खोकी आली. बाईंनी वरचं खोकं घेतलं नाही, मधलं ओढलं. लॅपटॉप सुरू करून सुशीलाला दिला आणि जमिनीवर बसायला सांगितलं. दुकानदार कासावीस झाला. "अरे, कुर्सी पे बैठिये ना बहनजी."

"इनके घर में टेबल-कुर्सी नहीं है. जमीन पे ही चलाना है," बाई म्हणाल्या आणि स्वतःही पदर सावरून सुशीलाशेजारी फरशीवर बसल्या. त्या मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांमध्ये मांडी घालून बसलेल्या त्या दोघी, आणि मांडीवरच्या त्या मशीनकडे बघायला वाकलेला दुकानदार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सुशीला आधी बोट नुसतं टेकवायची आणि उचलायची. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "बाई, खालून पोळून राहिला."

बाईंनी हात लावून पाहिलं. खरंच तापला होता. आम्ही टेबलावर ठेवून पाहणारी माणसं, आम्हाला ते कळायचं काही कारणच नव्हतं. दुकानदार म्हणाला, असा तो तापतोच. बाई म्हणाल्या, तापू दे, त्याला बसायला पाट करू. आणि परत आल्यावर सुताराकडून खरोखरच पंचवीस बुटके पाट करून घेतले, मध्ये वारा खेळायला फटी ठेवून. त्या दिवशी दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत प्रत्येक खोकं उघडलं गेलं, प्रत्येक मशीन सुरू झालं, आणि सुशीलानं प्रत्येकावर आपलं नाव काढलं. शेवटच्या मशीनवर ते न बघता काढलं.

एक घोळ तेवढा झाला. एकाच जातीचे पंचवीस नग दुकानात नव्हते. चार कमी पडत होते, आणि बाई काही थांबायला तयार नव्हत्या. शेवटी त्या चारांच्या जागी मोठ्या पडद्याचे, जरा भारीतले लॅपटॉप दुकानदारानं त्याच भावात दिले. देताना तो असा दिसत होता की मला त्याला पाणी विचारावंसं वाटलं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत, खोक्यांना टेकून, बाईंनी मला पाठमोऱ्या वाटणीची गोष्ट सांगितली. त्यांचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, प्रतापगडाच्या बाजूचं. उन्हाळ्यात तलाव आटला की सगळं गाव मासळीला उतरायचं. मासळीचे वाटे पाळीवर, तलावाच्या बांधावर, मांडायचे. "पहिले आमच्या वस्तीचे वाटे पाळीच्या त्या टोकाले राहायचे, दूर. उरलंसुरलं, लहानलहान. छप्पनमध्ये बाबा नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले, अन् पुढच्या उन्हाळ्यात वस्तीतले सगळे अडून बसले. सगळे वाटे एका रांगेत पाहिजेत. अन् नाव घेनाऱ्याची पाठ पाहिजे. लय दिवस तलावात कोनी उतरलं नाही. पन झालं." घसरणारं खोकं सावरत म्हणाल्या, "मी लहान होती तवा रांगेत आमचा वाटा कुठचा, हे मले ओळखूच येत नव्हतं. बाबाले भारी आनंद व्हायचा त्याचा."

इतकी वर्षं मी त्या पाठमोऱ्या वाटणीला बाईंची लहर समजून त्यावर विनोद करत आलो होतो.

ऑफिसात मात्र त्या चार भारी लॅपटॉपची वाटणी आधीच होऊन गेली होती. एक बिसेन सरांना, एक कटरेंना, एक हिशेबनीसाला. आणि नकाशे काढायला मोठा पडदा लागतो म्हणून एक मला, असं कटरेंनी मला डोळा मारून सांगितलं होतं. मीही मनात टेबलाची जागा करून ठेवली होती.

वाटपाच्या दिवशी सभागृहात लांब सतरंजी अंथरली होती. तिच्यावर पंचवीसही लॅपटॉप, खोक्याबाहेर, एका रांगेत, भारी नि साधे सरमिसळ. कार्यकर्त्या भिंतीला लागून बसल्या होत्या. बिसेन सर हार स्वीकारून दोन शब्द बोलायच्या तयारीनं आले होते. बाई त्यांच्याजवळ गेल्या, नावांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सर, तोंड तिकडं करा. आज पाठ तुमची."

बिसेन सरांनी कटरेंकडे पाहिलं. कटरेंनी छताकडे पाहिलं. मग सर सावकाश भिंतीकडे वळले.

बाई एकेका लॅपटॉपला हात लावून विचारत गेल्या, "हा कोनाचा?" आणि सर कागदावरून मनाला येईल ते नाव घेत गेले. एक भारी लॅपटॉप भैयालालला गेला, त्यानं तो कडेवरच्या पोरासारखा उचलला. एक गेला सुशीलाला. कटरेंना साधा, मला साधा. सर स्वतःचं नाव वाचायला जरा अडखळले. त्यांनाही साधाच आला. वळून त्यांनी तो पाहिला आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले. "मुख्याध्यापक असताना पोरांना बाकं अशी द्यायला हवी होती," म्हणाले. माझ्या कण्हणाऱ्या खुर्चीला साजेसं मशीन मिळाल्याचं दुःख मला दोन दिवस पुरलं. तिसऱ्या दिवसापासून मी शिकवायला बसलो.

शिकवणी सोपी गेली नाही. भारनियमनाचे दिवस. कुणी पिठाच्या चक्कीवर चार्जिंग करायची, कुणी मामाच्या गावी पाठवून. आणि दिवाळी महिन्यावर आली असताना सुशीलाचा लॅपटॉप बंद पडून आला. बटणं दाबली जाईनात. मी तो उलटा धरून झटकला, तर टेबलावर धानाचं फोल पडलं. तिच्या घरातली सगळ्यात जपून ठेवायची जागा म्हणजे धान साठवायची बांबूची ढोली. सोनंनाणं असतं तर तेही तिथंच ठेवलं असतं. म्हणून लॅपटॉपही तिनं धानात खोल पुरून ठेवला होता, उंदराचा, पोरांचा हात लागू नये म्हणून.

कटरे म्हणाले, "घ्या. आता धान उगवेल त्यात." बातमी बिसेन सरांपर्यंत पोचली, आणि दिवाळीनंतर ऑपरेटरसाठी द्यायच्या जाहिरातीचा मजकूर तयार झाला. सुशीला बाईंसमोर उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. बाईंनी तिला बसवलं. "तुनं फेकला तं नाही ना? जपूनच ठेवला. जपनाऱ्याच्या हातून मोडलं तं दुरुस्त करता येते." मग रंगाचा बारीक ब्रश आणवला, एकेक बटण उचकटून दोघींनी मिळून ते मशीन झाडलं, आणि त्याच आठवड्यात बाईंनी शिंप्याकडून सगळ्यांसाठी जाड कापडाच्या, तोंड बांधायच्या पिशव्या शिवून घेतल्या. धानात ठेवायचं तर ठेवा, पण पिशवीत घालून, अशी सूचना निघाली. त्यावर सही खुद्द कार्यालयप्रमुखांची.

दिवाळीच्या बैठकीला कार्यकारिणी झाडून हजर होती. आम्ही प्रोजेक्टर लावला होता, खिडक्या लावून अंधार केला होता, भिंतीवर एकेकीचा अहवाल दाखवायचा होता. पहिली सुशीला. ती उभी राहिली, भिंतीवर दरेकस्याकडच्या तलावाचं नाव उमटलं आणि लाइट गेली.

पंखे थांबले. भिंत काळी झाली. कुणी तरी "झालं" म्हणालं. मी बाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि त्यांनी काहीही केलं नाही. मला वाटतं आयुष्यात त्यांना सगळ्यात जड गेलं असेल ते हेच, काही न करणं.

सुशीलाच्या हातातला लॅपटॉप मात्र चालू होता. ती क्षणभर घुटमळली. मग सरळ चालत बिसेन सरांपाशी गेली, त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, पाट मांडला, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाली, "सर, इथं पाहा. हा माझा तलाव." ज्या माणसासमोर ती आजवर नुसती मान हलवत आली होती त्याला ती बोट ठेवून सांगत होती, मार्चात पाणी कुठवर होतं, कुठली पाळ फुटली, मासळीचे वाटे कुणाकुणाला मिळाले आणि कुठल्या टोल्यात, कुठल्या वस्तीवर अजून मिळायचे आहेत. तिचं बघून दुसरी उठली, मग तिसरी. थोड्याच वेळात त्या अंधाऱ्या सभागृहात कार्यकारिणीच्या प्रत्येक सभासदाशेजारी एकेक बाई बसली होती. सभासदही एक-एक करून खुर्चीवरून खाली उतरले, कारण वरून नीट दिसत नव्हतं. बिसेन सर सतरंजीवर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून सुशीलाला विचारत होते आणि ती सांगत होती.

लाइट आली तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं. बिसेन सर उठताना म्हणाले, "बाई, ती जाहिरात राहू द्या." शहारेबाईंनी मान डोलावली आणि चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत होत्या. मला त्या दिवशी बाईंचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मला स्वतःच्या कुठल्याही कामाचा वाटलेला नाही, आणि मी या बाईंच्या हाताखाली काम केलं हे मी अजूनही लोकांना आपण होऊन सांगतो.

एकही कार्यकर्ती कमी झाली नाही. काही वर्षांनी मी नागपूरला आलो, बाई निवृत्त होऊन गावी गेल्या, आणि त्यांच्या जागी कोण बसलं असेल ते मला पत्र येण्याआधीच ठाऊक होतं.

बाईंना शेवटचं पाहिलं ते गोंदियालाच. जुने लॅपटॉप थकले होते, नवे घ्यायचे होते, आणि नव्या कार्यालयप्रमुख सुशीलाताई मडावींनी आम्हा दोघांना सोबतीला बोलावलं होतं. दुकान तेच. दुकानदाराचे केस पिकले होते. बाईंना पाहून त्यानं खुर्ची पुसली आणि सवयीनं त्यांच्यापुढेच खोकं सरकवलं. "बाईजी, आप ही बताइये, कौनसा दूँ?"

बाईंनी खुर्चीचे दांडे धरले, थोड्या उठल्या, आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

"माझी पाठ आहे," त्या म्हणाल्या. "तिले विचारा."

मागे सुशीलाचा आवाज आला, "भैया, दिखाने का नहीं. देने का दिखाओ." मग खोकी सरकण्याचा, टेप फाटण्याचा आवाज. माझ्या गाडीची वेळ झाली होती. निघताना मी दारातून वळून पाहिलं. सुशीला फरशीवर मांडी घालून एकेक मशीन सुरू करत होती, दुकानदार वाकून उभा होता, आणि शहारेबाई रस्त्यावरची रहदारी पाहत बसल्या होत्या. त्यांनी एकदाही मान वळवली नाही.